जिथं जू घासलं, तिथंच तूप: वाईट दिवसांत कृतज्ञतेची सवय कशी लावावी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या यवतमाळकडच्या गावांत बैलांची खांदशेकणी होते. बैल धुऊन आणतात आणि वर्षभर ज्या खांद्यावर जू घासलं, त्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतात. तूप परवडत नसेल तर तेल. मग बैलाजवळ जाऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, घुंगरं, पुरणपोळी सगळं होतं. पण मला जास्त मोलाची वाटते ती आदली संध्याकाळ. त्या वेळी हात शिंगांवर नसतो, पाठीवर नसतो. जिथं दुखलं तिथंच तो जातो.

मला कृतज्ञता शिकवली ती या एका रिवाजानं. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी असं काही कधी केलेलं नाही, ज्यांच्या घरात सध्या काहीतरी बिनसलेलं आहे आणि ज्यांना "समाधान मान" हा सल्ला ऐकून ऐकून वीट आलेला आहे.

सुरुवात करण्याआधी

2019 च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस थांबता थांबेना. आमची सोंगलेली सोयाबीन वावरातच होती. गंजीवर ताडपत्री टाकली होती, पण पाणी खालून शिरलं. चौथ्या दिवशी ताडपत्री उचलली तर आतून गरम वाफ अंगावर आली. एक शेंग हातात घेतली तर तिच्यातून पांढरा कोंब बाहेर डोकावत होता. वावरात उभ्या पिकाला फुटावा तसा ताजा, जिवंत कोंब. मी ती शेंग मुठीत धरून किती वेळ उभी होते, आठवत नाही.

त्याच आठवड्यात घरी आलेल्या एका पाहुण्यानं सांगितलं, "जे हाय त्यात समाधान मानाव." मी चहा दिला आणि आत जाऊन रडले. म्हणून पहिलं सांगणं हे: कृतज्ञता म्हणजे नुकसान गिळून टाकणं नव्हे. नुकसान झालं असेल तर आधी पंचनाम्याचं बघा. तलाठ्याला भेटा, विम्याची तक्रार नोंदवा, फोटो काढून ठेवा. घरात कोणी आजारी असेल तर आधी दवाखाना. कृतज्ञता ही त्या धावपळीत माणूस मोडू नये म्हणून असते, धावपळीऐवजी नसते.

दुसरं, कृतज्ञता आणि उपकार यांत गल्लत करू नका. आपल्या गावांत उपकाराचं ओझं फार जड असतं. कोणी अडीनडीला पैसे दिले आणि आता दहा लोकांत ते बोलून दाखवतो, त्याच्यासमोर वाकत राहणं ही कृतज्ञता नव्हे. आणि बाया हे नीट वाचोत: घरात मार खावा लागत असेल तर "निदान छप्पर तरी आहे" असं मनाला समजावण्यासाठी हा लेख नाही. त्यासाठी 181 हा महिलांचा हेल्पलाइन क्रमांक आहे.

पहिलं पाऊल: नवी वेळ शोधू नका

पहाटे चारला उठून ध्यान करायचं ठरवलं की तिसऱ्या दिवशी मोडतं. मी चारदा ठरवलं आणि चारदा मोडलं. जे काम तुम्ही रोज न चुकता करता, त्याच्या शेपटीला ही सवय बांधा. सकाळचा चहा उतरवल्यावर, संध्याकाळी देवाजवळ दिवा लावल्यावर, ढोरांना वैरण टाकून झाल्यावर. रात्री पिकाच्या राखणीला, म्हणजे जागलीला जाणाऱ्यांना तर रात्रभर मचाण आहेच. पाच मिनिटं पुरतात.

जागेचंही तसंच. दोन खोल्यांच्या घरात सात माणसं असतील तर एकांत कुठून आणणार? माझी जागा गोठा होती. गायीच्या रवंथाचा आवाज चालू असतो आणि तिथं कोणी "काय करून राहिली?" असं विचारायला येत नाही.

ज्यांना एकटं बसणं जड जातं त्यांच्यासाठी विदर्भात आधीपासून वाट आहे. तुकडोजी महाराजांनी, ज्यांचा जन्म 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. गुरुदेव सेवा मंडळाची ती प्रार्थना आजही कितीतरी गावांत दिवेलागणीनंतर होते. सगळ्या धर्मांच्या माणसांनी एका ओळीत शांत बसायचं, इतकं ते साधं आहे. बौद्ध वस्तीत विहार असेल तर तिथल्या वंदनेनंतर थोडा वेळ बसता येतं. सेवाग्रामच्या आश्रमात सकाळ-संध्याकाळ सर्वधर्म प्रार्थना असते. वर्ध्याला काही कामानं गेलात तर एकदा तिथं जमिनीवर बसून बघा. माणूस एकटा बसला की मन वावरात पळतं, चार जणांत बसला की थोडं थांबतं.

दुसरं पाऊल: बोटांच्या पेरांवर श्वास

विचारांनी डोकं भणभणत असताना "चांगलं आठव" म्हणून काही आठवत नाही. आधी शरीर खाली बसलं पाहिजे. त्यासाठी हे करा.

पाठ भिंतीला टेका. डावा हात मांडीवर उघडा ठेवा. अंगठा सोडला तर उरलेल्या चार बोटांना तीन-तीन पेरं आहेत, म्हणजे बारा. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवा. मनात चार मोजत नाकानं श्वास घ्या, सहा मोजत सोडा. मग अंगठा पुढच्या पेरावर. बारा पेरं झाली की साधारण दोन मिनिटं होतात. घड्याळ लागत नाही, मोबाइल लागत नाही.

सोडणं लांब का, तर श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडताना मंदावतात. हे तुम्ही मनगटाची नाडी धरून स्वतः तपासू शकता. सोडणं लांबवलं की अंगाला निरोप जातो, आता धोका नाही. श्वास ओढूनताणून घेऊ नका, गरगरलं तर सोडून द्या. डोळे मिटल्यावर नको ते दिसत असेल तर डोळे उघडे ठेवा आणि समोरच्या एका वस्तूकडे बघा. मी गोठ्यातल्या दाव्याच्या गाठीकडे बघायची.

काहींना बसणंच जमत नाही. घरात मोठं दुःख झालेलं असलं की बसलं की छातीत येतं. त्यांनी बसूच नये. हातात झाडू घ्यावा. गाडगेबाबा कोणत्याही गावात गेले की आधी झाडू घेत, कीर्तन रात्री. अंगण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, घाई न करता, प्रत्येक फटकारा ऐकत झाडायचं. माझ्या ओळखीच्या एका बाईचा मुलगा गेला. तिनं वर्षभर फक्त एवढंच केलं, आणि ती म्हणते की त्या वर्षी मनाला दुसरी कुठली जागा नव्हती.

तिसरं पाऊल: आधी दुःखाचं नाव घ्या

ही पायरी बहुतेक ठिकाणी सांगतच नाहीत, आणि म्हणूनच लोकांना कृतज्ञता खोटी वाटते.

वहीत पहिली ओळ दुःखाची लिहायची. एकच ओळ, पण खरी. "सोसायटीची कर्जाची नोटीस आली." "पोरीच्या फीचे पैसे कमी पडले आणि मी तिच्यावर ओरडले." "आज दिवसभर आईची आठवण आली." दिवस कसा वाईट गेला याचं पानभर वर्णन नको, त्यानं जखम कोरली जाते. फक्त नाव घ्या.

नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी आणि काळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक रस्त्यात येतात. आमच्याही गावात त्या पहाटे पोरं आरोळ्या देत शिवेपर्यंत जातात. दुःखाला, रोगराईला नाव घेऊन गावाबाहेर काढायचा हा रिवाज आहे. गप्प राहून सोसा असं तो सांगत नाही. तुमची पहिली ओळ ही तुमची मारबत समजा.

चौथं पाऊल: तीन गोष्टी, पण बारीक

आता तीन ओळी. आज कोणत्या तीन गोष्टींनी, माणसांनी, क्षणांनी तुम्हाला धरून ठेवलं?

इथं नवीन माणूस हमखास एक चूक करतो. तो लिहितो: "कुटुंब, आरोग्य, निसर्ग." तीन दिवसांनी परत तेच. आठव्या दिवशी वही कोनाड्यात जाते. एवढा मोठा शब्द मनाला लागत नाही. बारीक लिहा. माझ्या वहीतल्या दोन ओळी देते:

"मोटरचं स्टार्टर जळालं. शेजारचे काका रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन आले आणि मी वायर लावेपर्यंत न बोलता उजेड धरून उभे राहिले."

"वेचणीच्या वावरात दुपारी डबा सोडला तर भाकर वाळली होती. कौशल्यानं न विचारता आपल्या डब्यातलं अंबाडीचं फुणकं माझ्या भाकरीवर ठेवलं."

(नाव बदललं आहे, फुणकं खरं आहे.)

बघा, प्रत्येक ओळीत एक माणूस आहे, एक वेळ आहे आणि हाताला लागेल अशी एक वस्तू आहे. या तिन्ही असल्या की ती गोष्ट वाचताना परत घडते. तरी ओळ कोरडी वाटली तर एक प्रश्न विचारा: हे आज झालं नसतं तर? काका आले नसते तर तुरीचं पाणी दोन दिवस लांबलं असतं. मग त्या उजेडाचं वजन कळतं.

ज्या दिवशी खरंच काही सुचत नाही, त्या दिवशी माणसं शोधू नका. अंगापासून सुरू करा. सावलीत बसल्यावर पाठीला लागलेला वारा. चुलीवरचा पहिला चहा. आज गुडघा कमी दुखला. तेवढं लिहून वही मिटा, एक ओळ झाली तरी चालते.

लिहिता येत नसेल तर? माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी चुलीजवळ एक रिकामा डबा ठेवला. दिवसातली एक चांगली गोष्ट आठवली की तुरीचा एक दाणा त्यात टाकायच्या आणि कशासाठी टाकला ते मोठ्यानं सांगायच्या. नातवंडं हसायची, मग हळूहळू तीही दाणे टाकायला लागली. संक्रांतीला त्याच दाण्यांची डाळ शिजली. वहीपेक्षा हे मला सरस वाटतं, कारण घरातल्या सगळ्यांच्या कानावर पडतं.

रोज लिहायचं की नाही, यावर एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचा एक गट दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आपण ज्यांबद्दल कृतज्ञ आहोत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहीत होता. दुसरा गट कटकटी लिहीत होता. पहिल्या गटाला आपलं एकूण आयुष्य जास्त बरं वाटलं आणि पुढच्या आठवड्याबद्दल आशाही जास्त वाटली. ती कॉलेजची पोरं होती, कर्जातले शेतकरी नव्हते, म्हणून त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण आठवड्यातून एकदाही पुरतं, हे त्यातून घेण्यासारखं आहे. मी पहिला महिना रोज लिहिलं. मग ओळी घासून गुळगुळीत व्हायला लागल्या तेव्हा बुधवार आणि शनिवारवर आणलं.

पाचवं पाऊल: ते त्या माणसाला सांगा

वहीत राहिलेली कृतज्ञता अर्धीच असते. आणि आपल्याकडे हे सगळ्यात अवघड आहे. घरच्या माणसाला "धन्यवाद" म्हटलं तर तो दचकतो, याला काय झालं म्हणून बघतो. "थँक यू" तर पाहुण्यांसाठी.

पण वऱ्हाडी बोलीत त्यासाठी एक वाक्य आधीच आहे, फक्त आपण ते कमी वापरतो: "तू होता म्हणून झालं बापा." किंवा, "तू आली नसती तं कापूस भिजला असता वं." आभार हा शब्द नाही, तरी सगळे आभार त्यात आहेत. आठवड्यातून एकदा एकाला तरी हे सांगा. कामाचं नाव घेऊन सांगा. गर्दीत नको, दोघंच असताना.

मी काकांना सांगितलं तेव्हा ते धुऱ्यावर गवत कापत होते. म्हटलं, "काका, त्या रात्री तुम्ही बॅटरी धरली नसती तं माही तूर गेली असती." ते विळा थांबवून म्हणाले, "कायची वं, उजेडच तं धरला." आणि परत कापायला लागले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कोणाला तरी पाठवून संत्र्याची पिशवी धाडली, आणि त्यांच्या सुनेनं मला सांगितलं की बाबा रात्री जेवताना हसत होते. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्याला आहे, दोन वर्षांपासून आलेला नाही. उजेड धरून उभं राहणाऱ्यालाही कोणी "बघितलं मी" असं म्हणायला हवं असतं.

सालदार, वेचणीच्या बाया, दूध घालणारा, शाळेतली खिचडी शिजवणारी ताई: आधी यांच्यापासून सुरू करा. त्यांना हे वाक्य फार क्वचित ऐकायला मिळतं. आणि मजुरीच्या बाबतीत लक्षात ठेवा, गोड शब्द हा मजुरीचा भाग नाही. पूर्ण पैसे वेळेवर द्या, मग शब्द.

कुठं अडतं

दुसऱ्याच्या दुःखावर आपलं समाधान उभं करू नका. "त्याचं तर घरच गेलं, आपलं बरं" हे मनात येतं, येऊ द्या, पण वहीत लिहू नका. त्यानं मन हलकं होत नाही, फक्त घाबरतं.

दुसऱ्याला ही गोळी जबरदस्तीनं देऊ नका. नवरा कर्जाच्या काळजीत रात्रभर ओट्यावर बसलेला असेल तर त्याला "तीन चांगल्या गोष्टी सांगा" म्हणू नये. त्याच्याजवळ चहा घेऊन बसावं, तो बोलला तर ऐकावं, नाही बोलला तरी बसावं.

आणि काही दुखणी अशी असतात जी वहीनं बरी होत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नकोसं, कशातच मन नाही, दारू वाढली, "माह्यानंतर पोरांचं पाहा" अशी बोलणी सुरू झाली, हिशेब-कागद कोणाच्या तरी हवाली करणं सुरू झालं, तर ते मनाचं आजारपण आहे आणि त्याला उपचार आहे. सरळ विचारा, "जिवाचं काही वाईट मनात येते काय?" असं विचारल्यानं कोणी तसं करत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीचं औषध घरात असेल तर त्याच दिवशी कुलुपात टाका आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी ठेवा, किंवा डबेच शेजाऱ्याकडे हलवा. तो घडीचा आवेग असतो, आणि त्या घडीला हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, 2022 मध्ये सुरू झालेला, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. गावच्या आशाताईला सांगा, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. त्या माणसाला एकटं पाठवू नका, गाडीवर मागं बसवून घेऊन जा.

शेवटचं पाऊल: स्वतःचा खांदा

हे मी सगळ्यात उशिरा शिकले.

त्या 2019 च्याच दिवाळीनंतरची गोष्ट. सोयाबीन मातीमोल गेली होती, मी रात्री कूस बदलत पडलेली. सासूबाई अंधारात उठल्या. मला वाटलं पाणी प्यायला उठल्या असतील. त्यांनी काशाची वाटी काढली, बोटभर तेल घेतलं आणि माझ्या पायाशी येऊन बसल्या.

"बाई, तुम्ही कायले? मी घासतो तुमचे," मी पाय ओढून घेतले. सुनेचे पाय सासूनं घासायचे, हे कुठं असतं?

"घे इकडे," त्या म्हणाल्या. "बैलाचा खांदा शेकतो आपण. तू त बैलाहून जास्त चालली यंदा."

वाटी तळव्यावर गोल गोल फिरत राहिली. टाचेच्या भेगांत तेल शिरलं तेव्हा आधी चुरचुरलं, मग ऊब आली. वाटी घासता घासता काळी पडत गेली. त्या काही बोलल्या नाहीत. मी कधी झोपले ते मला कळलं नाही, पण महिन्यानंतरची ती पहिली सलग झोप होती.

आता सासूबाई नाहीत. वाटी आहे. आठवड्यातून एका रात्री मी स्वतःच्या पायांना तेल लावते, आणि लावताना त्या पायांनी त्या आठवड्यात काय काय केलं ते एकेक आठवते: पेरणीच्या मागं किती तासं (ओळी) चालले, पोरीच्या शाळेत किती खेपा झाल्या, दवाखान्याच्या रांगेत किती वेळ उभी होते. दुसऱ्या एका रात्री घरातल्या दुसऱ्या कोणाचे तरी पाय घेते. पहिल्यांदा नवऱ्याचे घेतले तेव्हा तो लाजून उठून बसला होता. आता तो स्वतःच वाटी आणून ठेवतो.

काशाची वाटी नसेल तर स्टीलचीही चालते. तेल जवसाचं, तिळाचं, जे घरात असेल ते, थोडं कोमट करून. टाचेपासून बोटांकडे, एका पायाला पाच मिनिटं. भेगा रक्ताळलेल्या असतील तर त्यांवर घासू नका, फक्त बोटानं तेल सोडा. मधुमेह असलेल्यांनी वाटीनं अजिबात घासू नये, हातानंच हलकं लावावं आणि जखम आहे का ते रोज बघावं. नंतर पाय पुसून घ्या, नाहीतर फरशीवर घसराल. वाटी धुऊन चुलीमागं उलटी ठेवा, उद्या शोधावी लागणार नाही.